राजारामपुरीतली अभ्यासिका: कुंड्या, कार्बन डायऑक्साइड आणि हवेचा हिशोब (प्रकल्प नोंदी)

१८ नोव्हेंबर २०२४
जागा: कोल्हापुरात राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावरची स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. खोली २० बाय १६ फूट, उंची १० फूट. म्हणजे ३२०० घनफूट, ढोबळ ९० घनमीटर. २० खुर्च्या, प्लायचे आडोसे घातलेली टेबलं, दोन स्प्लिट एसी. खिडक्या दोन. रस्त्याकडची हॉर्नमुळे कायम बंद, मागच्या बोळातली डासांमुळे.

तक्रार नेहमीचीच: जेवणाच्या आधीच मुलं पेंगायला लागतात, डोकं जड होतं, खोलीला कोंदट वास येतो. त्यावर चालकांनी काढलेला तोडगा म्हणजे 'हवा शुद्ध करणाऱ्या' २४ कुंड्या. आधी मोजायचं, मग कुंड्या ठेवायच्या, मग परत मोजायचं, असं ठरलं.

सुरुवातीलाच एक गैरसमज निघाला. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा फिरवून गार करतो. त्याच्या जाळीत धूळ-तंतू अडकतात, बाकी सगळं जिथल्या तिथे.

२१ नोव्हेंबर
मीटर: कार्बन डायऑक्साइडसाठी एससीडी४१, धुळीसाठी पीएमएस५००३, दोन्ही एका ईएसपी३२ बोर्डवर (आकडे वाचणारा छोटा कंट्रोलर). पीएमएसच्या पंख्याला ५ व्होल्ट लागतात. डेटाची तार मात्र ३.३ व्होल्टचीच, ती सरळ बोर्डाला जोडता येते.

बाजारात दोनतीनशे रुपयांत 'सीओटू' लिहिलेले एमक्यू१३५ सारखे सेन्सर मिळतात, ते या कामाला घेऊ नयेत. ते कार्बन डायऑक्साइड ओळखतच नाहीत. सॅनिटायझर, फिनेल, अत्तर यांच्या वाफांवरून अंदाज ठोकतात. फरशी पुसली की आकडा चढतो, आणि आपल्याला वाटतं मुलांमुळे चढला.

एससीडी४१ ला तीन गोष्टी कराव्या लागल्या.
पहिली, आपोआप होणारं कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या हवेशी आकडा जुळवणं) बंद केलं. आठवड्यातून एकदा तरी आपल्याला बाहेरच्यासारखी ताजी हवा मिळते, असं ते गृहीत धरतं. ही खोली रात्रभर बंद असते आणि पहाटेपर्यंत हवा पुरती ताजी होत नाही. मग सेन्सर त्या शिळ्या हवेलाच ताजी समजतो आणि पुढचे सगळे आकडे कमी दाखवतो.
दुसरी, उंची भरली. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. हवेचा दाब इथे सुमारे ६ टक्के कमी, तेवढंच वाचनही खाली येतं.
तिसरी, गच्चीवर मोकळ्या हवेत ठेवून सक्तीचं कॅलिब्रेशन केलं. त्याआधी किमान ३ मिनिटं सेन्सर चालू हवा. संदर्भ म्हणून ४२५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२५ भाग) दिलं. गच्चीवर उभं राहणाऱ्याने वाऱ्याच्या खालच्या बाजूला थांबावं, नाहीतर आपलाच श्वास मोजला जातो.

हे सगळं मोजणी थांबवून करायचं आणि शेवटी सेटिंग साठवायची वेगळी आज्ञा द्यायची. नाहीतर लाईट गेली की पहिल्या दोन सेटिंग पुसल्या जातात. लाईट इथे जातेच.

२५ नोव्हेंबर
मीटर टेबलाच्या उंचीला, भिंतीपासून फूटभर पुढे, एसीच्या झोतात न येता. कार्बन डायऑक्साइड सकाळी ७ ला साडेपाचशे पीपीएमच्या आसपास. साडेआठपर्यंत खुर्च्या भरतात, साडेदहाला २५०० च्या वर. दार सतत उघडतं म्हणून इतक्यावर भागतं. बसून वाचणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. २० जण ३६० लिटर. दार न उघडता खोली घट्ट बंद राहिली तर तासाला ४००० पीपीएमची भर.

२५०० पीपीएम विषारी नाही. पण त्या हवेचा काही भाग दुसऱ्याच्या फुफ्फुसातून आलेला आहे. खोलीत सर्दीचा एक जण असला की आठवडाभराने निम्मी खोली का शिंकते, ते या आकड्यात दिसतं.

धुळीचे काटे दोनदा उडाले: सकाळी सरस्वतीच्या फोटोपुढे उदबत्ती लावल्यावर आणि संध्याकाळी डासांची कॉइल लावल्यावर. उदबत्ती बाहेर जिन्यातल्या कोनाड्यात हलवली. कॉइल बंद करून बोळातल्या खिडकीला जाळी मारायचं ठरलं.

३० नोव्हेंबर
झाडांच्या दाव्याचं मूळ तपासलं. नासाचा १९८९ चा अहवाल, वोल्व्हर्टन आणि सहकाऱ्यांचा. घनमीटरभरसुद्धा नसलेल्या बंद पेट्यांत झाड ठेवून बेंझिन, ट्रायक्लोरोइथिलिन आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या वाफा सोडल्या, आणि किती कमी झाल्या ते मोजलं. अहवाल वाईट नाही. तो अंतराळयानासारख्या घट्ट बंद जागेचा विचार करून लिहिलेला आहे. त्यातच असंही दिसलं होतं की पानं काढून टाकली तरी कुंडी बऱ्यापैकी काम करत राहते, म्हणजे मातीतले जिवाणूही वाफा खातात. नर्सरीतल्या पाटीवर यातलं काहीच येत नाही, फक्त 'नासा प्रमाणित'. नासाने कुठल्याही झाडाला प्रमाणपत्र दिलेलं नाही.

दुसरा कागद २०१९ चा, ड्रेक्सेल विद्यापीठातल्या कमिंग्ज आणि वेअरिंग यांचा. त्यांनी १२ अभ्यासांतले १९६ प्रयोग एका मापात आणले: एक कुंडी तासाला किती घनमीटर हवा स्वच्छ करते? मध्यम उत्तर ०.०२३ घनमीटर, म्हणजे २३ लिटर. आपल्या खोलीत दारं-खिडक्या बंद असतानाही फटींतून तासाला निम्म्या खोलीइतकी, समजा ४५ घनमीटर हवा बदलते. तेवढं काम कुंड्यांकडून करून घ्यायचं तर ४५ भागिले ०.०२३, जवळपास १९५० कुंड्या. जमीन ३२० चौरस फूट.

चालकांच्या मोबाईलवर दिल्लीच्या कमल मीटल यांचं २००९ चं टेड भाषण होतं: माणशी खांद्याएवढे ४ अरेका पाम आणि कमरेएवढे ६ ते ८ स्नेक प्लांट. २० मुलांना ८० अरेका आणि किमान १२० स्नेक प्लांट. एका कुंडीला एक चौरस फूट धरला तरी २०० फूट कुंड्यांनीच भरले. मुलांनी बसायचं कुठे?

६ डिसेंबर
पेटीची चाचणी. दोन फुटी चौकोनी काचेची माशांची टाकी उलटी घातली, खाली फोमची पट्टी, आत ८० मिमीचा छोटा पंखा आणि दोन्ही मीटर. आतली हवा सुमारे २२६ लिटर.

धूर: उदबत्ती काही सेकंदच आत धरली. पीएमएस५००३ चा आकडा ५०० च्या वर गेला की त्यावर विसंबू नये. चार मांडण्या: रिकामी पेटी, नुसती ओल्या मातीची कुंडी, मनीप्लांटची कुंडी, आणि तेवढ्याच पानांचं प्लास्टिकचं झाड. रिकाम्या पेटीतही धूर आपोआप बसतो. हे मोजलं नाही तर सगळं श्रेय झाडाला जातं. खरं झाड आणि प्लास्टिकचं झाड यांच्या रेघा जवळपास एकमेकींवर पडल्या. धुळीच्या कणाला चिकटायला पृष्ठभाग लागतो, तो जिवंत असो वा नसो. खऱ्या झाडाबरोबर पेटीत दमटपणा वाढतो आणि मीटर जास्त दाखवतो, म्हणून आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली असतानाचीच वाचनं धरली.

कार्बन डायऑक्साइड: पेटीत एकदोन खोल उच्छ्वास सोडून १५०० पीपीएमपर्यंत नेलं, दुपारी खिडकीजवळ ठेवलं. गळती वजा केल्यावर झाडामुळे तासाला शंभरेक पीपीएमची घट. बघणाऱ्याला चमत्कार वाटावा अशी. पण तीच कुंडी ९० घनमीटरच्या खोलीत नेली, तर तेवढाच वायू ९०,००० लिटरमध्ये वाटला जातो: तासाला ०.३ पीपीएम. मीटरची स्वतःची चूकच ४०-५० पीपीएमची आहे. पेटीतला प्रयोग खरा, खोलीबद्दलचा निष्कर्ष खोटा.

१४ डिसेंबर
कुंड्या आल्या: ८ अरेका, ८ स्नेक प्लांट, ६ मनीप्लांट, २ पीस लिली. ठेवायच्या आधी प्रत्येक जागेवर लक्समीटर (उजेड मोजणारा) धरला. खिडकीच्या काचेशी दुपारी २०००, टेबलावर ट्यूबलाईटखाली ३००, कोपऱ्यात ८०. नेमक्या कोपऱ्यांतच सगळ्यांना कुंड्या हव्या असतात.

इथला हिशोब कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर. पांढऱ्या एलईडीचे ६५-७० लक्स म्हणजे झाडाच्या मापात एक मायक्रोमोल (दर चौरस मीटरला दर सेकंदाला पडणारे प्रकाशकण). ३०० लक्सला साडेचार मायक्रोमोल. पानाला एक रेणू कार्बन डायऑक्साइड पचवायला साधारण २० प्रकाशकण लागतात. म्हणजे जेमतेम ०.२ मायक्रोमोल आत आलं, आणि पानाचा स्वतःचा श्वासही जवळपास तेवढाच. जमाखर्च शून्य. ८० लक्सच्या कोपऱ्यातलं झाड खोलीतल्या मुलांसारखंच कार्बन डायऑक्साइड सोडत असतं, फक्त फार थोडं. खिडकीच्या २००० लक्सला निव्वळ एक मायक्रोमोलच्या पुढेमागे मिळतं: चौरस मीटर पानामागे तासाला ९० मिलीलिटर. एका विद्यार्थ्याचे १८ लिटर पुसायला २०० चौरस मीटर हिरवं पान, तेही सगळं खिडकीत.

स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन सोडतं, ही बातमी अर्धी खरी. ते रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतं आणि आम्लाच्या रूपात साठवतं, हे बरोबर. ऑक्सिजन मात्र प्रकाशातच तयार होतो.

२८ डिसेंबर
कुंड्या ठेवून दोन आठवडे. सकाळचा आकडा तोच, साडेदहाचाही तोच. कुंड्यांमुळे म्हणावा असा फरक कुठल्याच रेघेत नाही.

फरक दुसराच पडला: टेबलावर चिलटं. नर्सरीवाल्याने मातीत साखर कारखान्याच्या मळीचं खत सढळ हाताने घातलं होतं. शेताला ते उत्तम आणि आपल्याकडे स्वस्त. बंद खोलीत अर्धवट कुजलेली मळी आणि रोजचं पाणी म्हणजे बुरशी, आणि बुरशीवर चिलटांच्या अळ्या. उपाय: वरची दोन बोटं माती काढून जाड वाळू भरली, पिवळे चिकट कागद लावले, आणि बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत माती कोरडी झाल्याशिवाय पाणी बंद. पुढच्या कुंड्यांना २ भाग पोयटा, २ भाग कोकोपीट, १ भाग जाड वाळू आणि मूठभर पूर्ण कुजलेलं गांडूळखत, बस.

९ जानेवारी २०२५
'मग मुळांतून हवा ओढा की' अशी सूचना आली. कल्पना रास्त आहे. वोल्व्हर्टन यांनीही पंखा आणि सक्रिय कार्बन लावलेली कुंडी सुचवली होती. करून बघितलं: २० लिटरची बादली, तळाला भोकं, वर कोळसा आणि विटांचे तुकडे, त्यात मनीप्लांट, खाली १२० मिमीचा १२ व्होल्टचा संगणकाचा पंखा.

काय बिघडतं ते लिहितो. असा पंखा मोकळ्यावर तासाला शंभर घनमीटर ओढतो, पण त्याला जोर नसतो. फूटभर ओल्या थरातून वाऱ्याचा मीटर जेमतेम हलला. थर जाड केला तर हवा जात नाही, पातळ केला तर हवा कडेने, बादलीच्या भिंतीलगत सटकते. वर मुळं दोन दिवसांत कोरडी पडतात आणि पाणी वाढवलं की परत भोकं बुजतात. शिवाय चुलीचा कोळसा म्हणजे सक्रिय कार्बन नव्हे. त्याची सूक्ष्म छिद्रं वाफेने किंवा रसायनाने उघडलेली नसतात. आणि हे सगळं नीट जमलं तरी कार्बन डायऑक्साइडला या बादलीतून काही होत नाही. बादली मोडली, मनीप्लांट परत कुंडीत.

२० जानेवारी
एक्झॉस्ट. मापाचं सूत्र सोपं आहे. १००० पीपीएमच्या खाली राहायचं, बाहेर ४२०, म्हणजे ५८० ची मोकळीक. तासाला ०.३६ घनमीटर वायू भागिले ०.०००५८०: ६२० घनमीटर हवा. माणशी ३१.

पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. झडपा, जाळी, धूळ यांनी निम्मा धरावा. म्हणून १३०० घनमीटर लिहिलेला १२ इंची पंखा बोळाच्या भिंतीत वर बसवला, आवाजासाठी रबरी वायसरवर. तोंडाशी नऊ ठिकाणी वाऱ्याचा वेग मोजून सरासरी काढली, क्षेत्रफळाने गुणलं, ६४० भरलं.

बहुतेक ठिकाणी इथेच फसतं: बाहेर काढणारा पंखा बसतो, आत येणारी वाट नसते. मग दार ओढून घेतं, पंखा नुसता भणभणतो, आणि हवा येते ती संडासाच्या बाजूने. सेकंदाला एक मीटर वेगाने ६२० घनमीटर आत यायला ०.१७ चौरस मीटर मोकळी वाट लागते. डासांच्या जाळीत मोकळी जागा साठ टक्केच, म्हणून सुमारे तीन चौरस फुटांची वाट केली. ती पंख्याच्या समोरच्या भिंतीला, रस्त्याकडच्या खिडकीच्या वरच्या झडपेत. पंखा आणि झडप शेजारी-शेजारी घेतली तर आलेली हवा तशीच बाहेर पडते आणि मधली मुलं कोरडीच.

साडेदहाचा आकडा ९५०. चालकांनी मीटर हातात घेऊन विचारलं, "मग झाडांचं काय करायचं आता?"

२३ जानेवारी
झाडांचं हे: ८ ठेवली, सगळी खिडकीशी, १००० लक्सच्या वर. बाकी जिन्यात आणि गच्चीवर. हिरवं दिसलं की डोळ्याला बरं वाटतं, तेवढं कारण पुरेसं आहे. पीस लिली आणि मनीप्लांट दाराजवळून काढली. चालकांचं लहान मूल तिथे खेळतं आणि दोन्हींच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. चावलं की तोंडाची आग आणि सूज.

४ फेब्रुवारी
पहाटेची अडचण. गुऱ्हाळं अजून चालू, उसाचा पाला पेटवणंही चालू, थंडीत धूर जमिनीलगत बसतो. सकाळी ७ ला बाहेरचा पीएम २.५ (२.५ मायक्रॉनहून बारीक धूळ) आतल्यापेक्षा कितीतरी वर. एक्झॉस्ट चालू की तोच धूर खोलीत. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत कोल्हापूर उगाच नाही.

तोडगा: खोली भरेपर्यंत, म्हणजे साडेआठपर्यंत पंखा मंद. शिवाय हेपाचे (बारीक कण अडवणाऱ्या गाळणीचे) दोन एअर प्युरिफायर, प्रत्येकी तासाला ३०० घनमीटर स्वच्छ हवा देणारे. बाहेरून ६२० येते, प्युरिफायर ६०० गाळतात, त्यामुळे आतली धूळ बाहेरच्या निम्म्यावर येते. आणखी खाली हवी तर प्युरिफायर वाढवायचे, खोली भरलेली असताना पंखा कमी करायचा नाही. प्युरिफायर कार्बन डायऑक्साइड घेत नाही, एक्झॉस्ट धूळ अडवत नाही. एकाचं काम दुसऱ्याच्या माथी मारू नये.

१२ मार्च
नवीन प्लायचे आडोसे येणार म्हणून सुताराला सांगून ठेवलं: ई१ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाचा बोर्ड, आणि कापलेली प्रत्येक कड पट्टी लावून बंद, टेबलाच्या खालचीसुद्धा. बोर्डाच्या डिंकातलं फॉर्माल्डिहाइड सर्वांत जास्त उघड्या कडांतून निघतं, आणि उष्णता-दमटपणाने वाढतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा अर्ध्या तासाच्या सरासरीला ०.१ मिलिग्रॅम प्रति घनमीटर. डोळे चुरचुरले की झाड आणू नका, बोर्डाची कड बघा.

१६ एप्रिल
बोळात मिरचीचा डंक सुरू. घराघरांत कांदा-लसूण मसाल्याची तयारी, दुपारी ठसका दुसऱ्या मजल्यापर्यंत. नशिबाने आत येणारी झडप रस्त्याकडे आहे. बोळाकडे असती तर सगळी मिरची थेट टेबलावर. तरी खिडकीची फट सिलिकॉनने बुजवली.

उन्हाचा हिशोब: बाहेर ३७, आत २६. तासाला ६२० घनमीटर गरम हवा गार करायला सुमारे २ किलोवॅट, म्हणजे एसीचा अर्ध्या टनाहून जास्त भाग. बिल बघून पंखा बंद करायची मागणी आली. बंद नाही केला, मर्यादा १२०० पीपीएम केली. ४६० घनमीटरवर भागतं, भार दीड किलोवॅट. पंख्याला वेगाचा रेग्युलेटर अशाच वेळांसाठी.

२४ जून
पाऊस लागला. धुळीचा मीटर दुप्पट दाखवतोय, तो बिघडलेला नाही. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि लेझरला मोठे दिसतात. सप्टेंबरपर्यंत हे आकडे एअर प्युरिफायर वाढवायला कारण म्हणून वापरू नयेत.

उत्तरेच्या भिंतीवर कपाटामागे काळे ठिपके. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, एसी दुपारी ड्राय मोडवर. मुलांच्या श्वास-घामाचं पाणी दिवसाला आठ-नऊ लिटर, आठ कुंड्यांचं लिटरभरही नाही, तरी पावसाळ्यात कुंड्यांना पाणी आठवड्यातून एकदाच.

कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाकल्या. बाटलीतल्या मनीप्लांटचं पाणी दर रविवारी पूर्ण ओतायचं, बाटली आतून ब्रशने घासायची. डेंग्यूच्या डासाची अंडी काचेला पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत.

पुढचं काम: एससीडी४१ पावसाची उघडीप बघून परत गच्चीवर, पंख्याच्या झडपा आणि आतली जाळी धुणं, मग वाऱ्याच्या मीटरने परत नऊ ठिकाणी मोजणी. पंख्याच्या पूर्ण वेगावर ५०० घनमीटरच्या खाली गेलं तर जाळी बदलायची.